दुसरा कागद

सोहारच्या न्यायालयामागच्या गल्लीत
माझं टायपिंगचं दुकान. दोन खुर्च्या, एक एसी,
जो फक्त आवाज करतो.
श्रीवर्धनच्या मदरशात छड्या खाऊन शिकलेली अरबी
इथे पानामागे दोन रियाल मिळवते.

भालचंद्र आरोंदेकर आला तेव्हा
त्याच्या खिशात दगड होता,
काळा, बोटांना काजळ लावणारा,
आकाराच्या मानाने फारच जड.
"क्रोमाइट," तो म्हणाला,
लेकीचं नाव सांगावं तसं.
बाप रेडीच्या खाणीत डंपर चालवायचा,
घरी यायचा तो भुवयांसकट तांबडा.
हा म्हणाला, उंड्रेभाई, मी दगड चाटून सांगतो
आत काय आहे ते.

पहिला कागद मी टाइप केला:
सत्तर टक्के खलफान बिन मुसल्लम यांचे,
तीस टक्के आरोंदेकरांचे.
मग दार लोटून घेतलं, आणि दुसरा:
की पहिला कागद नावापुरता,
पैसा आरोंदेकरांचा, मशिनं त्यांची, नफा त्यांचा,
खलफानना वर्षाला चार हजार, नावाचं भाडं.

पहिल्यावर तीन शिक्के.
दुसऱ्यावर दोन सह्या
आणि खलफानच्या कहव्याच्या कपाचा गोल डाग.

मी तेव्हा काही बोललो होतो का?
बोललो होतो, असं आठवतं.
हळू बोललो असेन.
टेबलावर चार रियाल होते.

खलफान शब्दाचा पक्का.
सात वर्षं भाड्याशिवाय एक पैसा मागितला नाही,
वर ईदला बकऱ्याची रान पाठवायचा,
आरोंदेकर शाकाहारी, मग ती माझ्या घरी यायची.
मग एका रमजानात, इफ्तारच्या आधी,
खजूर हातातच राहिला.

चार मुलगे, दोन मुली, एक विधवा.
थोरला मस्कतला बँकेत, बोलायला अतिशय नम्र.
म्हणाला, वडिलांचं नाव कागदावर आहे.
ते भाड्याने दिलं होतं
हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.
खोटं बोलत नव्हता तो.
हेच तर वाईट.

वादी म्हणजे अरबीत कोरडी नदी,
मराठीत दावा लावणारा.
आरोंदेकरची खाण एकीच्या काठावर होती,
आणि तो स्वतः दुसरा झाला.

दुभाषा म्हणून मीच उभा.
मीच लिहिलेला दुसरा कागद
मीच वाचून दाखवला, डागासकट.
न्यायाधीशांनी चष्मा काढला.
त्यांचं वाक्य मला मराठीत करायचं होतं,
आणि मी वेळ लावला,
घसा खाकरला, पाणी प्यायलो.

"ते म्हणतायत, कायद्याला बगल देण्यासाठी
हा कागद केला.
ते म्हणतायत, हा पुरावा नाही.
हा तुमचा कबुलीजबाब आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी भाषांतर चुकवलंय
आणि अजून दुरुस्त करीन.

वारसांनाही फार काही लाभलं नाही.
खात्याचं पत्र आलं:
परवाना व्यक्तीचा, व्यक्ती मयत,
आणि जमिनीखाली जे आहे ते सरकारचं,
आधीपासूनच.
डंपर उन्हात उभे. टायर आधी गेले.

जाताना त्याने दगड माझ्या टेबलावर ठेवला.
एसीच्या वाऱ्याने कागद उडतात, म्हणाला.
त्या एसीला वारा नाही, हे त्याला ठाऊक होतं.

काल एकजण आला, नगरकडचा,
प्लास्टिकच्या पिशवीत जिप्समचा पांढरा तुकडा.
बसण्याआधी दार लोटायला लागला.
म्हटलं, उघडंच असू द्या.
तो जरा वेळ उभा राहिला,
काळ्या दगडावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं,
आणि पलीकडच्या दुकानात गेला.

त्यांचं दार नीट लागतं.